सटवाईला दिलेला कागद

मी लातूरला बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवतो. कॉलेजात नाही, क्लासमध्ये. कॉलेजात मुलं एकटी येतात आणि क्लासमध्ये आईबापांना घेऊन येतात, एवढाच फरक. दर हिवाळ्यात कानाचा धडा माझ्याकडे असतो. बाहेरचा कान, पडदा, तीन इवलाली हाडं, गोगलगाईसारखा वळलेला आतला कान आणि तिथून मेंदूकडे जाणारी नस. ही आकृती मी फळ्यावर एका दमात काढतो आणि मुलं मोबाइल उंच धरून तिचे फोटो घेतात. त्या आकृतीचा मला फार अभिमान होता. तो कसा उतरला त्याची ही हकीकत. माझ्याच घरात एक लेकरू सात महिने जवळजवळ काही ऐकत नव्हतं आणि कानाच्या या पंडिताला त्याचा पत्ता नव्हता.

आमच्या भागात मूल झालं की लोक आधी मुलगा की मुलगी विचारतात, मग वजन विचारतात आणि तिसरा प्रश्न असतो, "मग, डॉक्टर करणार का?" मी या वेडाला वर्गात हसायचो आणि घरी त्यातच गळ्यापर्यंत बुडालेलो होतो. बायकोला दिवस गेले तेव्हापासून मी रोज संध्याकाळी तिच्या पोटाजवळ बसून वनस्पतींचं वर्गीकरण मोठ्यानं वाचायचो. गर्भातलं मूल ऐकतं, असं मी तिला समजावून सांगितलं होतं. शेवाळापासून सुरुवात करून आम्ही नेच्यांपर्यंत आलो की ती म्हणायची, "लेकराचं मला म्हाईत न्हाई, पण मला लई झोप येऊन राहिली."

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती नांदेडला गेली. मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी सोडलं, तेव्हा नर्सनं माझ्या हातात कागद देत काहीतरी सांगितलं. मी फोनवर होतो. क्लासच्या सराव परीक्षेत त्रेचाळिसाव्या प्रश्नाचं उत्तर चुकीचं छापलं गेलं होतं आणि पालकांनी रान उठवलं होतं. मी नर्सला मान डोलावून "हाव, हाव" म्हटलं. पुन्हा कधीतरी यायचंय एवढंच कानावर पडलं. कागद घडी करून खिशात टाकला.

पाचव्या दिवशी संध्याकाळी पाचवी होती. सासूबाईंनी पाटा धुऊन मांडला, हळदीकुंकू वाहिलं, दिवा लावला. सटवाई येते आणि लेकराच्या कपाळी त्याचं नशीब लिहिते, म्हणून तिच्यासाठी कोरा कागद आणि पेन ठेवायचा असतो. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, कोरा कागद द्या की एखादा." मी विज्ञानाचा माणूस, त्यामुळे या प्रकाराबद्दल कौतुकानं हसलो. खिशात हात घातला, एक घडीचा कागद निघाला, त्याची वरची बाजू कोरी होती. सटवाईला तेवढी पुरे, असं म्हणून मी तो दिला. पेन मात्र चांगला दिला, क्लासचं नाव छापलेला. दुसऱ्या दिवशी तो कागद सासूबाईंनी हळदीकुंकवासकट देवघरात देवांच्या पाटाखाली ठेवला. आता तो नुसता कागद राहिला नव्हता, त्यामुळे उलटून बघायचा प्रश्नच नव्हता.

पुन्हा दवाखान्यात जायचं आहे हे मी दोन दिवसांनी म्हणालो, हे मात्र खरं. सासूबाई म्हणाल्या, "सव्वा महिना लेकरू उंबऱ्याच्या भाईर काढायचं नसतंय." मी लगेच मान्य केलं आणि वर बायकोला पटवूनही दिलं की या रूढीमागे जंतुसंसर्गाचं शास्त्र आहे. खरं म्हणजे मला त्याच दुपारच्या गाडीनं लातूरला पळायचं होतं. नंतर लस जवळच्या सरकारी दवाखान्यात दिली, तिथं कुणी काही विचारलं नाही, आणि विषय मिटला.

बारशाला माझी थोरली बहीण अहमदपूरहून आली. आत्याचा मान तिचा. पाळण्यावर वाकून तिनं बाळाच्या कानात "कुर्रर्र" केलं, नाव सांगितलं आणि बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. एक धपाटा चांगलाच बसला, ती ओरडली, सगळ्या खदखदून हसल्या. बाळ पाळण्यातल्या चिमण्यांकडे बघत शांत पडून होतं. "किती शहाणं लेकरू, रडलं पण न्हाई," असं जी ती म्हणाली. मी म्हणालो, "शेवटी मुलगी कुणाची?"

बाळाला न्हाऊ घालायला गल्लीतलीच एक म्हातारी यायची. सगळे तिला मावशी म्हणत. नांदेडातल्या निम्म्या डॉक्टरांची डोकी आपण घडवली असा तिचा दावा होता. न्हाऊ घालताना ती बाळाचं डोकं तेलाच्या हातानं गोल गोल दाबायची आणि गोल डोक्याची माणसं कुठं कुठं पोचली ते सांगायची. "सपाट ऱ्हायलं तर कारकून होतंय," असं तिनं एकदा सांगून टाकलं. माझी बायको कोर्टात कारकून आहे आणि तिलाही लहानपणी याच मावशीनं न्हाऊ घातलेलं. बायकोनं विचारलं, "मग माझं काय झालं?" मावशी म्हणाली, "तू लई हालायचीस."

मी रविवारी लातूरहून एसटीनं जायचो. अशाच एका रविवारी मावशीच्या हातून पाण्याचं पातेलं फरशीवर पडलं. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं, मी स्वतः दचकलो. मावशी मात्र बाळाच्या तोंडाकडे बघत राहिली. म्हणाली, "साहेब, हे लेकरू दचकत न्हाई." मी तिला सांगितलं की काही मुलांची मज्जासंस्था जन्मतःच मजबूत असते. तिनं "असंल बाई" म्हणून पाणी पुसलं.

तीन महिन्यांनी बायको आणि मुलगी लातूरला आल्या आणि मी कामाला लागलो. भिंतींवर फळांचे, प्राण्यांचे, ग्रहांचे तक्ते लावले. उशाशी एक स्पीकर ठेवला, त्यावर सकाळी श्लोक, दुपारी सतार आणि संध्याकाळी इंग्रजी बडबडगीतं. घरात फर्मान काढलं की बाळाशी फक्त शुद्ध भाषेत बोलायचं, हाव आणि न्हाई बंद. मेंदूत पहिली भाषा जाते ती स्वच्छ जायला हवी. बायको नांदेडच्या बोलीत वाढलेली आणि मीही तिकडचाच. शुद्ध बोलायचं म्हटलं की आम्ही दोघं बातम्या देत असल्यासारखे बोलायचो. मग हळूहळू बोलणंच कमी झालं. स्पीकर तेवढा चालू असायचा.

त्याच सुमारास अहमदपूरच्या एका शाळेनं मला पालकांपुढे बोलायला बोलावलं. विषय होता, पहिल्या तीन वर्षांत मुलांचा मेंदू कसा घडतो. मी तासभर बोललो. मुलांना पोटभर खाऊ घाला, पुरेसं झोपू द्या, भीती दाखवू नका, मुख्य म्हणजे मुलांशी बोला. कानावर पडणाऱ्या शब्दानं मेंदूत वाट तयार होते, वाट वेळेवर पडली नाही तर तिथं गवत वाढतं. हे गवताचं वाक्य मला तिथंच सुचलं आणि त्याला टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत बसलेली माझी बहीण अभिमानानं इकडेतिकडे बघत होती. उदाहरण म्हणून मी माझ्या मुलीचं दिलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते याला, पण त्या दिवशी मला फक्त टाळ्या ऐकू आल्या.

पुढच्या महिन्यात निकाल लागला. आमच्या गल्लीतून एका क्लासनं मिरवणूक काढली. जीपवर हार घातलेली पोरं, मागे डीजेची भिंत. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. बायकोनं कानांवर हात ठेवले. मुलगी चटईवर पालथी पडली होती. तिनं तळहात फरशीवर टेकवला आणि हसली. मिरवणूक पुढं गेली, तसं तिनं हात उचलून त्याच्याकडे बघितलं आणि परत टेकवला. मी बायकोला हाक मारली, "बघ, बघ, तालाची जाण आहे हिला." त्याचा व्हिडिओ काढून मी सगळ्या नातेवाइकांना पाठवला. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे आणि मला तो पुसवत नाही आणि बघवतही नाही.

नागपंचमीला नांदेडला गेलो. मुलगी सात महिन्यांची झाली होती, उशीच्या आधारानं बसायची. मावशी आपलं गोल डोकं बघायला आली. मुलीची पाठ दाराकडे होती. मावशीनं दारातूनच नावानं हाक मारली. मग टाळी वाजवली. मग पूजेला निघालेल्या सासूबाईंच्या हातातला तांब्या घेऊन त्यावर चमचा वाजवला. मुलगी समोरच्या वाटीत बोटं घालून बसली होती, तशीच बसून राहिली. मावशी पुढे येऊन तिच्यासमोर बसली, तेव्हा तिला बघून मुलगी बोळकं पसरून हसली.

मावशी म्हणाली, "हिला ऐकू येत न्हाई."

मला राग आला, आणि चांगलाच आला. मी म्हणालो, "मावशी, तुम्ही किती शिकलात? मी पंधरा वर्षं कान शिकवतो. मूल खेळात रमलं की लक्ष देत नाही, याला एकाग्रता म्हणतात. उगीच घरात भीती घालू नका." चोराच्या उलट्या बोंबा. सासूबाईंनी मान खाली घातली. मावशीनं उत्तर दिलं ते मला नाही, माझ्या बायकोला दिलं. "म्या काही शिकले न्हाई बाई. पण दोनशे लेकरं पायावर घेतली. दाखवून तर आण."

बायका स्वयंपाकघरात गेल्या आणि खोलीत मी आणि मुलगी उरलो. मी तिच्यामागे चार पावलांवर उभा राहिलो आणि नावानं हाक मारली. मग थोडं मोठ्यानं मारली. मग टाळी. फळ्यावर मी जे पन्नासदा शिकवलं होतं ते सगळं आठवत होतं, आवाज पडद्यावर आदळतो, हाडं हलतात, नस उत्तेजित होते, मान वळते. मान वळली नाही. मी एक पाऊल पुढे टाकलं, माझी सावली तिच्या वाटीत पडली, तेव्हा तिनं वर बघितलं आणि दोन्ही हात पसरले. मी तिला उचललं. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. वनस्पतींचं वर्गीकरण, श्लोक, सतार, कुर्रर्र, तिच्या आईनं म्हटलेलं एकेक गाणं, यातलं काहीही तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं आणि ती रोज आमच्याकडे बघून हसत होती.

दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मुलीला झोपवून, डोक्याला तारा लावून तपासणी झाली. बाईंनी सांगितलं की दोन्ही कानांनी ऐकणं बरंच कमी आहे, पण अगदीच शून्य नाही, यंत्र लावून उपयोग होईल. मी विचारलं, बोलेल का? बुद्धीवर परिणाम? बाई म्हणाल्या, "बुद्धीला काही झालेलं नाही. पण बुद्धीला खायला लागतं, आणि ते कानातून जातं. सात महिने उपाशी आहे ती. आता एक दिवसही घालवू नका." मग त्यांनी विचारलं, "जन्मल्यावर कान तपासले होते का? तुम्ही सांगता त्या दवाखान्यात तपासतात." आम्ही एकमेकांकडे बघितलं. "तुम्ही काय करता?" बाईंनी मला विचारलं. मी सांगितलं. त्या टेबलावरचा ग्लास उचलून पाणी प्यायल्या.

घरी येऊन दवाखान्याची फाइल काढली. सगळं होतं, वजन, रक्तगट, लसीचं कार्ड. कानाचं काही नव्हतं. फाइल तीनदा उलटीपालटी केली, कपाट उपसलं. मला खिसा आठवला, आणि खिशानंतर पाटा. मी देवघरात गेलो आणि पाटाखालचा कागद काढला. कोऱ्या बाजूवर हळदीकुंकवाची बोटं वाळून गेली होती. दुसऱ्या बाजूवर छापील अक्षरांत दवाखान्याचं नाव होतं आणि खाली निळ्या शाईत लिहिलं होतं: कान तपासणी, दोन्ही बाजू, प्रतिसाद आला नाही. पंधरा दिवसांनी नक्की आणावे. "नक्की" या शब्दाखाली नर्सनं दोन रेघा ओढल्या होत्या.

काखेत कळसा म्हणतात, आमचा देवघरात होता आणि आम्ही रोज त्याला उदबत्ती ओवाळत होतो.

बायकोनं कागद वाचला. ती ओरडेल असं मला वाटलं होतं आणि तिनं ओरडावं असंही वाटत होतं. ती फक्त म्हणाली, "तुमच्या हातानं दिलेला हाय." कागदावर लिहिलेलं मी सासूबाईंना वाचून दाखवलं, तेव्हा त्या डोळे पुसत म्हणाल्या, "सटवाईनं लिवलंच होतं की जावईबापू. तुम्हीच उलटी बाजू वर ठिवली." मी मावशीच्या घरी गेलो. ती अंगणात गोवऱ्या रचत होती. मी म्हणालो, "मावशी, चुकलो." ती म्हणाली, "लेकराला घिऊन बसा आता. माझ्या पाया पडून काय व्हतंय?"

यंत्रं आली, त्या दिवशी दवाखान्यात आमचे सात जण होते. पहिला आवाज कुणाचा, यावर बाहेरच्या बाकावरच वाद सुरू झाला. मी एक वाक्य पाठ करून आलो होतो. बायको म्हणाली, आईचा पहिला. माझी बहीण म्हणाली, "नाव म्या ठेवलं, म्याच सांगणार, बारशाचा धपाटा अजून दुखतोय मला." सासूबाईंना रामाचं नाव हवं होतं. वाद खोलीत आला, आवाज चढले, आणि मधल्या मध्ये डॉक्टरीणबाईंनी मुलीच्या कानामागे यंत्र बसवून चालूही केलं. म्हणजे माझ्या लेकीनं आयुष्यात पहिल्यांदा जे नीट ऐकलं ते तिच्या नातेवाइकांचं भांडण होतं. तिनं डोळे मोठे केले, ओठ काढले आणि भोकाड पसरलं. आणि लगेच थांबली. स्वतःचा आवाज तिनं ऐकला होता. तिनं इकडेतिकडे बघितलं, कोण रडतंय ते शोधलं, आणि मग पुन्हा थोडंसं रडून बघितलं. बहिणीनं तोंडाला पदर लावला आणि मी पाठ केलेलं वाक्य विसरलो.

आम्ही निघताना बाईंनी सांगितलं, तक्ते राहू द्या, स्पीकर बंद करा, तोंडानं बोला, दिवसभर बोला, घरी बोलता तसंच बोला. मला वाटलं होतं यात माझा हात कोण धरणार? प्रत्यक्षात मला पाचव्या मिनिटाला विषय सुचेना. बायकोला मात्र काही अडचण आली नाही. "आता वरण टाकून राहिले बघ. आता मीठ. अगं माय, लई पडलं!" असं ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलायची. फर्मान मी मागे घेतलं नाही, ते आपोआप रद्द झालं. नांदेडला गेलो की सासूबाई आणि मावशी दोघी मिळून बोलायच्या, एकाच वेळी आणि वेगवेगळ्या विषयांवर. महिने गेले. पहिला शब्द दीड वर्षाची झाल्यावर आला, तो "नको" होता, आणि तो मला उद्देशून होता.

मला मात्र एक खोड लागली. रोज सकाळी क्लासला जायच्या आधी मी मुलीच्या मागे चार पावलांवर उभा राहतो आणि हळूच नावानं हाक मारतो. मान वळली की मी कामाला जातो. कधी यंत्राची बॅटरी संपलेली असते, कधी तिनं ते काढून उशीखाली ठेवलेलं असतं, त्या दिवशी मान वळत नाही आणि मी धावत समोर जाऊन तिचे कान बघतो. बायको म्हणते, हे सोडा आता. मी सोडू शकलो नाही. कानाची आकृती अजून काढतो, पण आता एका दमात येत नाही.

आता ती साडेतीन वर्षांची आहे. परवा सकाळी ती खिडकीपाशी पाठमोरी बसून बाहुलीला न्हाऊ घालत होती. बाहुलीचं डोकं दोन्ही हातांनी गोल गोल दाबत होती. मी नेहमीच्या जागी उभा राहून हाक मारली. मान वळली नाही. मी पुन्हा मारली, जरा मोठ्यानं. नाही. तिसऱ्यांदा मी जवळजवळ किंचाळलोच.

ती न वळताच म्हणाली, "आलं की ऐकू. कामून ओरडून राहिला, पप्पा? लेकरू दचकतंय."